तुलनेसाठी आपल्या नळाचं पाणी

शनिवार, १ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज अभ्याससहलीला होकार दिला. इतकी वर्षं मी भुणभुण लावली होती, पण त्या दाद देत नव्हत्या. आज स्वतःच म्हणाल्या, "मौजमजा करायची तर मुलांनी आईबापाबरोबर करावी. शाळेने नेलं तर डोक्यात काहीतरी घालून परत आणलं पाहिजे." हेच मी त्यांना पहिल्यापासून सांगत होते. पण त्यांच्या तोंडून आलं की म्हणणं मूळचं त्यांचंच असतं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलंय.

शाळा त्यांची. त्यांनी एकटीने उभी केली. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात, शाळेच्या वेळात मीही तेच म्हणते. मागच्या दाराने घरात शिरलं की त्या आई होतात. शाळा आणि आमच्या खोल्या यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे दिवसभर माझं नातं बदलत असतं.

नवरा याच शाळेत इतिहास शिकवतो, मी विज्ञान. अभ्याससहल कुठे न्यायची यावरून आमचं इतकं वाजलं की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी आली. त्याला पडका किल्ला हवा होता, मला वेधशाळा. मुलांसमोर आम्ही एकमेकांना सर आणि बाई म्हणतो, त्यामुळे भांडणसुद्धा फार सभ्य होतं. "सर, तुमच्या दगडांना कोणी पाहायला जात नाही." "बाई, तुमचे तारे दिवसा दिसत नाहीत." शेवटी तोडगा निघाला. एक जुनं गाव आहे, तिथे पूर्वी शिसं वितळवायच्या भट्ट्या होत्या. आता तिथे संग्रहालय केलंय आणि मुलांसाठी प्रयोगशाळाही आहे. त्याला मजूर, मालक आणि संप मिळेल, मला धातू आणि पाण्याची तपासणी. एका दगडात दोन पक्षी.

ही वही त्यासाठीच सुरू केली. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी इतर शाळांनाही दाखवता येईल, सहल कशी न्यावी ते. आत्ताच फुशारकी नको, पण मला वाटतं ती छानच होणार.

सहल सातवीची आहे, पण आमची गोगलगायही बरोबर येईल. गोगलगाय म्हणजे माझी लेक, वय आठ. जेवायला बसली की बाकीच्यांची भांडी धुऊन होतात तरी हिचं ताट तसंच. एक गणित घातलं की आधी पेन्सिलला टोक, मग खोडरबर, मग जांभई. पुस्तक उघडलं की पोटात दुखतं. पुस्तक मिटलं तरी दुखतंच म्हणते. पोरीला साधं नाटकही धड जमत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सातवीला प्रयोग समजावला. भट्टीखालून वाहणारा ओढा, मजुरांच्या वस्तीतली विहीर आणि मागचं तळं, अशा तिन्ही ठिकाणचं पाणी घ्यायचं. आणि तुलनेसाठी एक बाटली आपल्या नळाची. वाईट पाणी किती वाईट हे कळायला शेजारी चांगलं पाणी हवं. ही युक्ती माझी स्वतःची, त्या संग्रहालयाच्या पत्रकात नाही.

"चांगलं आहे हे कशावरून, बाई?" हे विचारणारी अर्थातच चिकट. एकदा प्रश्नाला चिकटली की सुटत नाही म्हणून सगळा वर्ग तिला चिकट म्हणतो, आणि तीही ओ देते.

"कारण ते तू रोज पितेस आणि तरी एवढी बडबड करू शकतेस," मी म्हणाले. वर्ग हसला. पण पोर कामाची आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम तिलाच दिलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर विहीर तळ्यात गेली असती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पोहोचलो. सकाळी उठल्याबरोबर आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाची बाटली भरली, पहाटेच येऊन थांबलेल्या चिकटने तिथल्या तिथे चिठ्ठी लावली. प्यायच्या पाण्याचा मोठा कॅनही शाळेतून भरून घेतला. बाहेरचं पाणी मुलांना बाधलं तर पालक माझ्या नावाने शंख करतील.

बसमध्ये नवऱ्याने इतिहासाच्या भेंड्या लावल्या. मी धातूंच्या लावल्या. त्याला जास्त टाळ्या मिळाल्या, कारण तो आवाज काढून राजे मारतो. लेक संपूर्ण प्रवासात झोपली. सगळी पोरं खिडकीतून उड्या मारायची बाकी होती, आणि ही माझ्या मांडीवर ओझ्यासारखी पडून.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मी आज फार रागावले आहे, आणि ज्याच्यावर रागावले तो मास्तर कधीच मरून गेला आहे.

भट्टीचं धुराडं अजून उभं आहे. संग्रहालयातल्या ताईंनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. माहितीही त्याच देतात आणि प्रयोगशाळाही त्याच चालवतात. मजुरांच्या खोल्या जशा होत्या तशा ठेवल्या आहेत. एक चूल, एक पलंग, खुंटीवर एकच कोट. एका भिंतीवर तिथल्या जुन्या शाळेतल्या मुलांचे फोटो आहेत. ताईंनी आमच्या मुलांना विचारलं, "काय दिसतं?"

"कुणीच हसत नाहीये," एक जण म्हणाला.

"सगळी दमलेली दिसतात," चिकट म्हणाली.

मग ताईंनी सांगितलं. धुराड्यातली राख अंगणात पडायची, पाण्यात मिसळायची. शिसं थोडंथोडं अंगात साचायचं. मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त त्रास. रंग उडायचा, भूक मरायची, पोटात मुरडा यायचा. पाठ केलेलं टिकायचं नाही. चिडचिड व्हायची. "आणि या मुलांना कुणी आजारी म्हटलं नाही," ताई म्हणाल्या. "त्यांना आळशी म्हटलं." काचेच्या पेटीत मास्तरांची छडी ठेवली आहे. आजूबाजूच्या गावांत म्हणे ठरूनच गेलं होतं, इथली पोरं मठ्ठ.

मला राहवलं नाही. मी मुलांना तिथेच थांबवलं आणि म्हणाले, "लक्षात ठेवा. त्या मास्तरांकडे यंत्र नव्हतं हे मान्य, पण डोळे होते ना? समोर पोर पिवळं पडतंय, ताट बाजूला सारतंय, आणि हे छडी घेऊन उभे! शिक्षकाचं पहिलं काम शिकवणं नाही, बघणं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. नवराही म्हणाला, "बाई, छान बोललात." मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी सगळ्यांना दिवसभरात पाहिलेलं लिहायला बसवलं. लेकीने एकच शब्द लिहिला, "धुराडं". तेही खोडून दोनदा.

"आणि?"

"आठवत नाही."

"दिवसभर डोळे कुठे होते तुझे? मोठी मुलं पानं भरताहेत, आणि तुला एक धुराडं आठवतं?"

तिने पोटावर हात ठेवला. मी म्हणाले, "पुरे हं आता. इथे पुस्तक नाही, काही नाही. इथे कशाला दुखायला हवं?" जेवली नाहीच. नवऱ्याने तिला खांद्यावर उचलून नेलं. त्याच्या या लाडांनीच ती अशी झालीये.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मुलं जेवताहेत. मी बसमध्ये येऊन बसले आहे. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

जसं झालं तसं लिहिते. प्रयोगशाळेत टेबलावर चार नळ्या होत्या. प्रत्येक नळीत एकेक पाणी. ताई त्यात एक हिरवट द्रव टाकतात, शिसं असेल तर रंग लाल होत जातो. ओढ्याचं पाणी जरासं गुलाबी झालं. तळ्याचं त्याहून थोडं जास्त. विहिरीच्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही, ताई म्हणाल्या की विहीर साफ करून बराच काळ झाला. मग आपली बाटली. मी मुलांना म्हणाले, "आता बघा, काहीही होणार नाही."

ते पाणी डाळिंबी झालं.

सगळे हसले. मीही हसले. बाटल्या बदलल्या, दुसरं काय? मी चिकटकडे बघितलं.

"बाई, मी नाही बदलल्या. आपली चिठ्ठी तर मी तिथेच लावली होती. तुमच्यासमोर."

"चूक झाली तर कबूल करावी," मी म्हणाले. सगळ्या वर्गासमोर म्हणाले. "विज्ञानात सगळं चालतं, खोटेपणा चालत नाही."

ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

ताईंनी विचारलं, "तुमच्या शाळेचं आणखी पाणी आहे का?" बसमध्ये कॅन होता. तळाशी थोडं उरलं होतं, बाकी मुलांनी पिऊन संपवलं होतं. नवरा घेऊन आला. ताईंनी नवी नळी घेतली, स्वतः धुतली, स्वतः ओतलं, हिरवा द्रव टाकला.

पुन्हा डाळिंबी. या वेळी कुणी हसलं नाही.

"हे पाणी कोण पितं, बाई?" ताईंनी हळू आवाजात विचारलं.

मी 'शाळेची मुलं' म्हणणार होते. तेवढ्यात मागच्या बाकावर लक्ष गेलं. एवढ्या गलक्यात लेक टेबलावर डोकं टेकून झोपली होती. खिडकीतला उजेड तिच्या तोंडावर पडला होता. ओठ पांढरट, डोळ्यांखाली करडं. काल भिंतीवरच्या परक्या मुलांचे चेहरे मी किती निरखून पाहिले. हिला तसं कधी पाहिलं होतं? 

आणि पुढे मी काय केलं? मुलांकडे वळून म्हणाले, "कॅनमध्येही इथलंच पाणी भरलं असणार कुणीतरी. चला, जेवायला." असं धडधडीत खोटं बोलले. तोंडातून आपोआप निघालं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मुलांसमोर बोलल्या नाहीत. बाहेर नेऊन म्हणाल्या, हे हिरवं औषध कधीकधी दुसऱ्या धातूंनी फसतं. खात्री यंत्राची. उद्या सकाळपर्यंत सांगते.

फसतं कधीकधी. फसलंच असणार. नळ पितळेचा आहे, त्याने फसलं असेल. कॅनमधलं उरलेलं पाणी मी स्वतः ओतून दिलं आणि मुलांसाठी बाटल्या विकत आणल्या. फसलं असेल तर मग ओतलं का, असं नवऱ्याने विचारलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

यंत्र फसलं नाही.

ताईंनी आकडा सांगितला. चालण्यासारखं जितकं, त्याच्या कितीतरी पट. जुन्या इमारतींमध्ये शिशाचे पाइप असतात, त्यात पाणी रात्रभर थांबलं की सकाळचं पहिलं पाणी सगळ्यात वाईट, असं म्हणाल्या. सकाळचं पहिलं पाणी मी लेकीला देते, गरम करून. शाळेत जायच्या आधी एक पेला संपवलाच पाहिजे असा माझा नियम आहे.

"पण मी उकळते," मी म्हणाले. "न चुकता. उकळून, गाळून."

"उकळल्याने जंतू मरतात, बाई. शिसं जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं भांड्यात राहतं."

हे मला माहीत आहे. हे मी सातवीला शिकवते. बाष्पीभवनाच्या धड्यात मिठाचं उदाहरण देते, फळ्यावर आकृती काढते. आणि घरी रोज सकाळी मी माझ्या पोरीला पाणी आटवून पाजत होते.

परतीच्या बसमध्ये नवऱ्याने भेंड्या लावल्या नाहीत. "काखेत कळसा आणि..." एवढंच बोलून तो थांबला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला कसं सांगायचं?" मला वाटलं होतं तो लेकीबद्दल काही बोलेल. पण त्याचा हात सगळा वेळ तिच्या केसांवर होता.

चिकट एकटीच बसली होती. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. पोरांनी तिला नवं नाव ठेवलंय, "अदलाबदल". मला ऐकू येत होतं. मी उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळीच लेकीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिलं. सुई टोचताना रडली नाही, नुसती बघत राहिली. आज मला तिचं न रडणंही भीतीदायक वाटलं. रिपोर्ट यायला दिवस लागतील म्हणाले.

मग सासूबाई. ऑफिसात गेले, म्हणजे मोठ्या बाईंकडे. पण तोंडातून आईच निघालं.

"आई, नळ बंद करायला हवा. आजच्या आज."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "त्या संग्रहालयवालीने सांगितलं ना? तिचं कामच शिसं दाखवायचं. न्हाव्याला विचारलं तर केस वाढलेतच म्हणणार."

"तिने नाही, यंत्राने सांगितलं."

"बाटल्या बदलल्या होत्या ना? मुलांनीच सांगितलं मला. तूच म्हणालीस म्हणे."

"मी खोटं बोलले."

"मग आत्ता खरं बोलतेस हे मी कशावरून धरू?"

त्याच पुढे बोलल्या. परीक्षा तोंडावर आल्या आहेत. एका बाटलीवरून शाळेचं नाव धुळीला मिळवू का? सुट्टीत नळ बदलून टाकू, गाजावाजा न करता. काम झाल्याशी कारण. "मी इतकी वर्षं हेच पाणी प्यायले. मला काय झालं?"

नवरा दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. "आई म्हणते त्यातही तथ्य आहे थोडं," तो म्हणाला. आईपुढे त्याची नेहमी अशीच शेळी होते. मी म्हणाले, "लेक तुझीपण आहे." तो निघून गेला.

मधल्या सुट्टीत मी नळापाशी उभी राहिले. मुलं धावत आली, ओंजळी पुढे करून, खेळून लाल झालेली. "मोटार बिघडली आहे, आज घरून आणलेलं प्या," असं प्रत्येकाला सांगत राहिले. म्हणजे आणखी एक खोटं. शाळाभर मुलं आहेत आणि नळापाशी मी एकटी. मला कळेना, उद्या काय सांगायचं?

बुधवार, १२ फेब्रुवारी

नवऱ्याने भिंत फोडली.

शाळा सुटल्यावर तो हातोडा आणि छिन्नी घेऊन आला आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, शाळेच्या आणि घराच्या मधल्या त्या भिंतीवर, घाव घालायला लागला. जो माणूस खिळा ठोकताना अंगठा ठेचून घेतो, तो. मी काही विचारलं नाही. गिलावा पडत गेला. आत पाइप निघाला. करडा, गुळगुळीत, लोखंडासारखा गंजलेला नाही. त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि ओरखडा काढला. पाइप लोण्यासारखा कापला गेला आणि ओरखड्याखाली चांदीसारखं चमकलं. भट्टीच्या गावात ताईंनी मुलांना असंच करून दाखवलं होतं, एका तुकड्यावर. तेव्हा आम्ही सगळे 'वा' म्हणालो होतो.

"ही इमारत शाळेच्या आधी गोदाम होती," तो म्हणाला. "हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. पाइप कधीचे आहेत हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही." त्याचं तोंड चुन्याने पांढरं झालं होतं आणि तो रडत होता. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आवाज ऐकून सासूबाई आल्या. आता भिंतीवरून बोलणी बसणार, असं मला वाटलं. त्या जवळ गेल्या. त्याच्या हातातून किल्ली घेतली. स्वतः ओरखडा काढला. थोडं पुढे सरकून आणखी एक काढला. मग आणखी पुढे, हात पोहोचेल तिथे. सगळीकडे चमकलं.

"पोरीचा रिपोर्ट कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"आणि बाकीच्यांचे?"

बाकीच्यांना तर अजून कुणी सांगितलंच नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "नळाची मुख्य तोटी बंद करा. शनिवारी पालकांना बोलाव. तूच बोल. मला नाही जमायचं." त्या मला कधीही 'जमायचं नाही' म्हणाल्या नव्हत्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पालक आले. मोठा वर्ग भरून बाहेर व्हरांड्यातही उभे होते. सहलीचे फोटो दाखवणार असं काहींना वाटलं होतं, एक आजी नातवाचा फोटो कुठे आहे असं विचारतही होती.

मी आधी ठरवून ठेवलेलं सगळं विसरले. शेवटी सरळ सांगितलं, की आपल्या शाळेच्या नळाच्या पाण्यात शिसं आहे, पाइप शिशाचे आहेत, मुलांच्या रक्ताची तपासणी करावी लागेल, शाळा ती करून देईल. हे सहलीत कळलं. आणि कळल्यावर मी मुलांशी खोटं बोलले. कुणी बाटल्या बदलल्या नव्हत्या.

मग मी चिकटला पुढे बोलावलं. ती आईच्या मागे उभी होती. आली नाही. तेव्हा मीच गेले. "तुझं काम चोख होतं. मी सगळ्यांसमोर तुला खोटं ठरवलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माहीत होतं, बाई." तिने माफ केलं का, ते कळलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग एकच गोंधळ उडाला. एक बाप बाक सरकवून पुढे आला. "माझा पोरगा दोन वेळा नापास झाला. तुम्ही मला या इथे बसवून सांगितलंत की घरी लक्ष देत नाही! मी त्याला पट्ट्याने मारलंय, बाई. तुमच्या सांगण्यावरून मारलंय!" शेवटचं वाक्य तो ओरडला नाही, अगदी हळू म्हणाला. मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. एक आई नुसतंच विचारत होती, "पण धाकटी तर अजून लहान आहे हो, तिला कसं होईल?"

"मुख्याध्यापिका कुठे आहेत?" कुणीतरी ओरडलं. "लपल्या का घरात?"

शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला. सासूबाई तिथे पहिलीच्या मुलाच्या छोट्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसल्या होत्या. त्या कधी येऊन बसल्या ते कुणाला कळलंच नव्हतं. हात वर करूनच त्या उठल्या. "मी इथे आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला सुनेने सांगितलं होतं. तरी मी नळ चालू ठेवला. बुधवारपर्यंत. तेवढं माझ्या नावावर लिहा."

मग खुर्च्या सरकल्या. काही पालकांनी मुलांना हात धरून नेलं, दप्तरंही घेतली नाहीत. काही थांबले आणि तपासणी कुठे, कशी, असं विचारत राहिले. शाळा राहील की नाही, माहीत नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी विकतच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि प्यायल्याच नाहीत, तसाच पेला घेऊन बसल्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रिपोर्ट आला. शिसं आहे. बरंच आहे. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवायची वेळ आलेली नाही, वाईट पाणी थांबलं हे सर्वांत मोठं औषध. लोह, दूध, नीट खाणं, आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त. पोटदुखी जाईल, भूक लागेल, तोंडावर रंग येईल.

"आणि डोकं?" मी विचारलं. "शिकणं?"

त्यांनी लेकीला बाहेर खेळणी बघायला पाठवलं. "जे झालंय त्यातलं किती भरून निघेल, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. तुम्हाला बघत राहावं लागेल."

परत येताना आम्ही चालत आलो. नवरा तिला उचलून घ्यायला वाकला तर ती नको म्हणाली. बागेच्या कट्ट्यावर बसलो. मी ठरवलं होतं की तिला मीच सांगेन, खरं आणि सरळ. सांगितलं. आपल्या पाण्यात शिसं होतं, ते तुझ्या अंगात गेलं. म्हणून दमायला व्हायचं. तू आळशी नाहीस. मी तुला बोलत होते ते सगळं चूक होतं.

तिने खूप वेळ घेतला. मी घाई केली नाही.

"म्हणजे पोट खरंच दुखत होतं?"

"हो."

"मी सांगत होते."

"हो, राणी. तू सांगत होतीस."

"आणि गणित येत नाही, ते पण त्याच्यामुळे?"

"काही त्याच्यामुळे असेल."

"आणि मला सारखी झोप येते ते? आणि मला राग येतो, मी पेन्सिल मोडते, ते?"

"तेही असेल कदाचित."

तिने पाय हलवणं थांबवलं. नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रडवेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग मी कशी आहे?"

नवऱ्याने मान फिरवली. माझ्या पोटची पोर, आठ वर्षं माझ्याच घरात वाढलेली, ती कशी आहे असं विचारत होती, आणि मला खरंच ठाऊक नव्हतं. खोटं काहीतरी गोड सांगता आलं असतं. पण आता मला तिच्याशी एकही खोटं बोलायचं नव्हतं.

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले.

ती मान हलवून म्हणाली, "मला पण नाही."